उंदीर, कुत्रा आणि पहाट : महानगरीय कवितेतील सहजीवनाविषयी काही विचार

मराठी कवितेच्या अध्यापनात आणि समीक्षेत दोन कप्पे दीर्घकाळ शेजारीशेजारी नांदत आले आहेत. एक ‘निसर्गकविता’ आणि दुसरा ‘महानगरीय कविता’. पहिल्या कप्प्यात बालकवी, बोरकर, महानोर. दुसऱ्यात मर्ढेकर, सुर्वे, ढसाळ, कोलटकर. ही विभागणी सोयीची आहे आणि सोयीच्या बहुतेक गोष्टींप्रमाणे ती आपण तपासून पाहिलेली नाही. निसर्ग नगराबाहेर असतो, नगरात शिरल्यावर माणूस त्याला पारखा होतो आणि महानगरीय संवेदनशीलता म्हणजे या पारखेपणाची, परात्मतेची संवेदनशीलता, असे एक प्रमेय या विभागणीमागे उभे आहे. ज्यांना आपण निसर्गकवींचे प्रतिनिधी मानतो त्या बालकवींचा मृत्यू १९१८ मध्ये रेल्वेखाली झाला, हा योगायोगही या प्रमेयाला पूरक ठरावा अशा रीतीने अनेकदा सांगितला जातो.

या प्रमेयाविषयी माझ्या मनात प्रथम शंका निर्माण झाली ती एखाद्या ग्रंथामुळे नव्हे, तर वर्गात. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) मधील, पिंपात मेलेल्या उंदरांची कविता पदव्युत्तर वर्गाला शिकवीत होतो. यंत्रयुग, युद्धोत्तर विफलता, माणसाचे क्षुद्रीकरण, समूहाचे निर्जीव होत जाणे, हे सारे नेहमीचे अन्वयार्थ सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, पिंपात उंदीर पडला तर सगळं पाणी ओतून द्यावं लागतं. मग त्या दिवशी पाणी कुठून आणायचं?” वर्ग हसला. मीही हसलो, आणि नंतर बराच काळ त्या हसण्याची लाज वाटत राहिली. ती चाळीत राहणारी होती. तिच्या घरी पिंप होते, पाणी ठरावीक वेळीच येत होते आणि उंदीर हा तिच्यासाठी प्रतीक होण्यापूर्वी उंदीर होता.

मर्ढेकरांच्या या कवितेवर मराठीत विपुल लिहिले गेले आहे. परंतु त्या लेखनात उंदीर फार वेळ टिकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यातच त्याचा माणूस होतो. प्रतीकाची प्रक्रिया अशीच असते हे खरे आणि ती चुकीची आहे असे मला म्हणायचे नाही. पण प्रतीक म्हणून नेमका हाच प्राणी का यावा, हा प्रश्न उरतोच. मुंबईच्या इतिहासात उंदीर हा केवळ घरातील उपद्रवी जीव नाही. १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेग प्रकट झाला आणि या शहराचे रूपच पालटले. सुरुवातीच्या उपाययोजनांचा रोख उंदरांपेक्षा माणसांवर आणि त्यांच्या घरांवर होता. घरे रिकामी करणे, चुना फासणे, रोग्यांना सक्तीने हलविणे, दाट वस्त्या पाडणे. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने वस्त्यांमधून नवे रुंद रस्ते काढले ते हवा आणि उजेड आत यावा म्हणून. पाडलेल्या घरांतील माणसे कोठे गेली हा त्या योजनेतील दुय्यम मुद्दा होता. आजही महापालिकेचे कामगार रात्री काठ्या आणि विजेऱ्या घेऊन उंदीर मारीत हिंडतात. उंदीर आणि मुंबईकर यांचे सहजीवन असे शतकाहून अधिक काळाचे, शासकीय आणि हिंसक आहे. मर्ढेकरांच्या मनात हा इतिहास होता असा दावा मी करणार नाही. तसा पुरावा नाही आणि त्याची गरजही नाही. मात्र त्यांच्या वाचकाच्या घरात तो होता. कविता त्या घरात वाचली गेली तेव्हा तिच्यातील भीषणता केवळ तात्त्विक राहिली नसणार.

आता याच मर्ढेकरांची दुसरी कविता पाहावी. मुंबई बंदरावरील माघातल्या पहाटेचे चित्र रेखाटणारी ही कविता पाठ्यपुस्तकांमुळे अनेकांच्या परिचयाची आहे. समीक्षक तिला ‘मर्ढेकरांच्या निसर्गकवितां’मध्ये टाकतात, आणि मग उंदरांची कविता लिहिणाऱ्याने असे प्रसन्न चित्र कसे रेखाटले याचे आश्चर्य व्यक्त करतात. हे आश्चर्य कप्प्यांमुळे निर्माण झालेले आहे, कवितेमुळे नव्हे. या पहाटेत धूर आहे, चहाचा वास आहे, डांबरी रस्ता आहे. नगराच्या या वस्तू हिवाळ्याला मलीन करीत नाहीत. त्या हिवाळ्याचाच भाग होऊन येतात. पण ही एकात्मता अल्पजीवी आहे, याचे भान कवितेला पूर्णपणे आहे. घोटभरच थंडी शिल्लक असते. थोड्याच वेळात शहर कामाला लागेल आणि हे सारे विरून जाईल.

येथे मला या लेखातील मुख्य निरीक्षण नोंदवायचे आहे. आपल्या महानगरीय कवितेत निसर्गाला जागा क्वचितच मिळते. त्याला वेळ मिळते. बाग, टेकडी, नदीकाठ ही स्थळे तिच्यात फारशी नाहीत, पण पहाट आहे, भर पावसातील ठप्प झालेला दिवस आहे, उत्तररात्र आहे. माणूस आणि माणसाव्यतिरिक्तचे जग एकाच जागेचा उपयोग आळीपाळीने करतात. गिरणगावातील एकाच खोलीत पाळ्यांप्रमाणे झोपणाऱ्या कामगारांना हे नव्याने सांगावे लागले नसते. एक उठला की त्याच्या जागेवर दुसरा पाठ टेकीत असे. ‘पाळी’ हा शब्द गिरणीचा आहे आणि महानगरातील सहजीवनाचे वर्णन करण्यास ‘समन्वय’, ‘संतुलन’ या आपल्या आवडत्या तत्सम शब्दांपेक्षा मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. समन्वयात सर्वजण एकाच वेळी हजर असतात. पाळीत एकाला जावे लागते.

अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’ (२००४) मधील आरंभीची कविता या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. हा संग्रह इंग्रजीत असल्यामुळे मराठी समीक्षा त्याच्याकडे पाहुण्यासारखे पाहते, हा आपल्या व्यवहारातील आणखी एक कप्पा. ‘भिजकी वही’ आमची आणि ‘काळा घोडा’ त्यांचा, अशी वाटणी कवीने केलेली नव्हती. या कवितेत रस्त्यावरचा एक बेवारशी कुत्रा पहाटे वाहतूक बेटाच्या मध्यावर पडून स्वतःशी बोलत आहे. त्याच्या अंगावरील ठिपके सतराव्या शतकातील सात बेटांच्या मुंबईच्या नकाशासारखे दिसतात. आपला वंश तो एका बाजूने बार्टल फ्रिअरने इंग्लंडहून आणविलेल्या शिकारी कुत्र्यांपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने युधिष्ठिरामागे गेलेल्या महाभारतातील कुत्र्यापर्यंत नेतो. विनोद उघड आहे. कुलशीलाचा असा दाखला शहरातील प्रतिष्ठित घराणी देतात. येथे तो देणारा पालिकेच्या गाडीला भिणारा कुत्रा आहे. परंतु विनोदाखाली एक गंभीर विधान आहे. शहराचा इतिहास माणसांनीच घडविला नाही आणि तो केवळ माणसांच्याच अंगावर उमटलेला नाही. ज्याला आपण शहरातील ‘निसर्ग’ म्हणतो तो वसाहतीच्या, व्यापाराच्या, पुराणकथांच्या इतिहासाने घडलेला आहे.

झाडांचेही तेच. मुंबईच्या रस्त्यांवर आपल्याला जो निसर्ग दिसतो त्यातील गुलमोहर मादागास्करचा, वर्षावृक्ष अमेरिका खंडातला, सोनमोहर आग्नेय आशियातला. स्थलांतरितांनी वसविलेल्या शहरात झाडेही स्थलांतरित असावीत यात नवल नाही. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ (१९५६) आपण चैत्र ते फाल्गुन या चक्राचे ललितगद्य म्हणून वाचतो. त्यातील संस्कृत काव्यपरंपरेचे संस्कार, लोकसाहित्याचे संदर्भ, नादमय भाषा यांवर लिहितो. लेखिका मुंबईकर होत्या, या गोष्टीला मात्र चरित्रात्मक तपशिलापलीकडे आपण महत्त्व दिलेले नाही. बारा महिन्यांचे हे निरीक्षण अरण्यवासिनीचे नाही. नोकरीधंद्यामागे धावणाऱ्या शहरात राहून, देशी महिन्यांचे पंचांग मनाशी धरून ठेवणाऱ्या विदुषीचे ते आहे. महिना एक तारखेला सुरू होतो असे मानणाऱ्या शहरात चैत्र पाहणे ही स्वतःच एक भूमिका आहे. ‘ऋतुचक्र’ महानगरीय साहित्याच्या यादीत कधीच का येत नाही, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात नसून यादीत आहे.

येथवरच्या विवेचनावरून सहजीवन ही एक सुखद, थोडी विनोदी, पहाटेची गोष्ट आहे असा ग्रह होण्याचा धोका आहे. तो दूर केला पाहिजे. पाळी कोणाची कधी हे कोण ठरवतो, हा प्रश्न टाळून या विषयावर लिहिता येणार नाही. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’ (१९७२) मध्ये किंवा दया पवारांच्या ‘बलुतं’ (१९७८) मधील कावाखान्यात माणूस ज्या जीवसृष्टीच्या सान्निध्यात राहतो ते सान्निध्य त्याने निवडलेले नाही. ते त्याच्यावर लादलेले आहे. घाण, पाणी, जनावर, देह यांच्यातील अंतर राखणे ही येथील समाजव्यवस्थेत विशेषाधिकाराची बाब राहिली आहे. ज्यांना ते अंतर नाकारले गेले त्यांच्या लेखनातील प्राण्यांकडे ‘निसर्गप्रतिमा’ म्हणून पाहणे ही सौंदर्यशास्त्रीय चूक तर आहेच, पण नैतिक चूकही आहे. पाश्चात्त्य पर्यावरणवादी समीक्षेची परिभाषा आपल्याकडे गेल्या काही वर्षांत झपाट्याने रुळली. तिच्यातील ‘अस्पर्शित निसर्गा’च्या कल्पनेवर रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्येच आक्षेप घेतला होता. ‘अस्पर्शित’ हा शब्द मराठीत उच्चारताना तरी आपण क्षणभर थबकायला हवे होते.

शब्दांचाच मुद्दा निघाला आहे म्हणून साहित्याबाहेरचे एक उदाहरण घेतो. मुंबईच्या पोटात सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे आणि त्यात बिबटे आहेत. उद्यानाच्या सीमेवर, आरेच्या पाड्यांत आणि झोपडपट्ट्यांत माणसे राहतात. बिबटे रात्री तेथे येतात आणि मुख्यतः कुत्र्यांवर जगतात. वृत्तपत्रे या घटनेला ‘मानवी वस्तीत शिरकाव’, ‘घुसखोरी’ म्हणतात. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला आणि हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, तेव्हा तेथील माणसांसाठीही हीच शब्दावली वापरली गेली. बिबट्या घुसखोर आणि झोपडीवालाही घुसखोर. फक्त गॅलरीतून दोघांकडे पाहणारा तेवढा मूळ रहिवासी. ४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतील झाडे तोडण्यास प्रारंभ झाला, सर्वोच्च न्यायालयाने तोड थांबविली तोवर दोन हजारांहून अधिक झाडे पडली होती. तेव्हा मात्र ‘अतिक्रमण’ हा शब्द अधिकृत भाषेत कोठेही दिसला नाही. तेथील वारली पाड्यांत वाघोबा हा देव आहे. देवाला घुसखोर म्हणता येत नाही. त्याची वाट वेगळी आणि वेळ वेगळी असे मानून त्याच्याशी वागावे लागते. या वागण्यात प्रेम किती आणि भय किती हे वेगळे काढणे कठीण आहे. त्याचे उदात्तीकरणही करू नये. रात्री शौचासाठी उघड्यावर जाणाऱ्या मुलाला बिबट्याने उचलले तर त्या घराला वाघोबाचे तत्त्वज्ञान सांगण्याचा अधिकार कोणाही समीक्षकाला नाही.

कोलटकरांच्या कुत्र्याकडे पुन्हा एकदा वळू. त्याचे स्वगत उजाडेपर्यंतच चालते. मोटारी सुरू झाल्या की तो वाहतूक बेट सोडणार आणि शहर त्याच्या तथाकथित मालकांच्या स्वाधीन करणार आहे. म्हणजे तो हाकलला जात नाही. आपल्या कल्पनेत तरी तोच शहर सोपवून देतो. मर्ढेकरांच्या पहाटेत जाणाऱ्याला आवाज नव्हता, येथे जाणारा बोलतो आणि जाण्याचा अर्थ स्वतः ठरवतो. १९४७ ते २००४ या अर्धशतकात महानगरीय कवितेत घडलेला हा बदल मला लहान वाटत नाही. त्याच संग्रहात उंदरांच्या विषाचा धंदा करणाऱ्या माणसाच्या जेवणाच्या सुट्टीवरही एक कविता आहे. मर्ढेकरांच्या पिंपाशेजारी ती ठेवून अजून कोणी वाचलेली माझ्या पाहण्यात नाही. यंदा ती मी वर्गात नेली. इंग्रजी कविता मराठीच्या तासाला कशी, अशी विचारणा विभागात झाली. विद्यार्थ्यांनी मात्र पहिला प्रश्न विचारला तो विषाचा भाव काय असेल हा.