'अरायव्हल' आणि अहिराणीतले 'मना'

परग्रहावरून बारा याने येतात. लष्कराला त्यांना एकच विचारायचे असते: तुम्ही इथे कशासाठी आलात? देनी विलनव्ह यांच्या 'अरायव्हल'मधली (२०१६) भाषातज्ज्ञ लुईस तेच वाक्य फळ्यावर लिहून समजावते, की प्रश्न म्हणजे काय, 'तुम्ही' एक की सगळे, हे त्यांना आधी कळायला हवे. चित्रपटातले सर्वांत खरे दृश्य हेच.

मी बदलीवर धुळ्यात आलो आणि अहिराणी शब्द टिपू लागलो, तेव्हा 'मना' म्हणजे मनाला घातलेली हाक समजून बसलो होतो. अर्थ साधा: माझा. पहिली वही फुकट गेली. चित्रपटात तर 'साधन' की 'हत्यार' एवढ्यावरून युद्ध पेटायला येते.

ग्रिअर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाने १९०७ मध्ये खानदेशी भिल्ल भाषांच्या खंडात घातली. पहिला नमुना इतर भाषांप्रमाणेच बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीचा. म्हणजे मजकूर विचारणाऱ्याचा, शब्द तेवढे आपले! लुईस उलट करते. संरक्षक पोशाख उतरवून आधी स्वतःचे नाव सांगते.

तक्रार पुढची आहे. भाषा शिकण्याचे कष्टाचे महिने चित्रपट निवेदनावर झरझर उरकतो आणि वेळ देतो बॉम्बला, चिनी सेनापतीला. टेड चियांग यांच्या १९९८च्या मूळ कथेत यातले काहीच नाही. तिथे पाहुणे येतात, बोलतात आणि का आलो ते न सांगताच निघून जातात.