किल्लारीचा भूकंप आणि निवेदक क्रियापदांचा संयम

लातूर जिल्ह्यातील किल्लारी व तिच्या भोवतालची गावे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ज्या भूकंपाने उद्ध्वस्त झाली, त्याविषयीचे इंग्रजी शास्त्रीय वाङ्मय आज बरेच मोठे आहे. मराठवाड्यातील वाचकाच्या दृष्टीने ते केवळ भूशास्त्राचे वाङ्मय नव्हे. बावन्न गावे मुळातून उठवून दुसरीकडे वसविली गेली. दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरावरचा पिढ्यांचा विश्वास एका रात्रीत संपला. अशा वेळी शास्त्रज्ञ एखादी गोष्ट किती खात्रीने सांगतात, हा प्रश्न केवळ शैलीचा राहत नाही. आणि ही खात्री इंग्रजी निबंधात पुष्कळदा एकाच शब्दात साठविलेली असते. तो शब्द म्हणजे निवेदक क्रियापद.

या भूकंपावर १९९६ साली प्रसिद्ध झालेले दोन निबंध शेजारी ठेवून पाहावेत. सीबर व त्यांच्या सहकाऱ्यांच्या निबंधाचे शीर्षक बेसॉल्टच्या थरांत निर्माण झालेल्या नव्या भ्रंशाचा उल्लेख करते आणि शेवटी प्रश्नचिन्ह ठेवते. सी. पी. राजेंद्रन, कुसला राजेंद्रन व जॉन यांच्या निबंधाचे शीर्षक मात्र हा भूकंप म्हणजे प्राचीन कवचातील जुना भ्रंश पुन्हा जागा झाल्याचे उदाहरण होय, असे सरळ म्हणते. भूकंप एक, भूमी एक. परंतु एका शीर्षकात विरामचिन्हानेच संशय राखून ठेवला आहे, तर दुसऱ्यात 'उदाहरण' या नामाने निष्कर्ष मान्य धरला आहे. मतभेदाचा व्यावहारिक अर्थही लहान नाही. जुना भ्रंश जागा झाला असेल तर द्वीपकल्पातील इतर जुने भ्रंश शोधून काढण्यात अर्थ आहे. भ्रंश नवा असेल तर भूपृष्ठावर आधीची खूण सापडण्याची आशा फारशी उरत नाही.

शीर्षकाकडून मजकुराकडे वळले म्हणजे क्रियापदांचे काम सुरू होते. इंग्रजीत 'पॉइंट आउट' किंवा 'डेमॉन्स्ट्रेट' लिहिणारा लेखक दुसऱ्याचे मत सांगता सांगता त्याला स्वतःची संमतीही देऊन टाकतो. पॉल व कॅरोल किपार्स्की यांनी १९७० साली ज्यांना तथ्यवाचक क्रियापदे म्हटले, त्यांचे लक्षण असे की वाक्य नकारार्थी केले तरी आतील विधानाचे सत्य कायम राहते. अमुक एकाने ही गोष्ट दाखवून दिली नाही, असे म्हटले तरी ती गोष्ट खरी आहे हे गृहीतच असते. 'आर्ग्यू'मध्ये मत लेखकाचे असते आणि निवेदक बाजूला उभा राहतो. 'क्लेम'मध्ये तो नुसता बाजूला उभा राहत नाही, तर किंचित भुवईही उंचावतो. जेफ थॉम्पसन व ये यियुन यांनी १९९१ साली मूळ लेखकाची भूमिका आणि उद्धृत करणाऱ्याची भूमिका या दोहोंत जो भेद केला, तो याच ठिकाणी उपयोगी पडतो. पुष्कळ अध्यापक इंग्रजी निबंधलेखन शिकविताना या क्रियापदांना परस्परांचे पर्याय समजून शैलीवैचित्र्यासाठी आलटूनपालटून वापरण्याचा उपदेश करतात. हा उपदेश घातक आहे.

सर्वांत सावध आणि सर्वांत निसरडे क्रियापद 'सजेस्ट' हे होय. त्याचा कर्ता बहुधा माणूस नसतो. निरीक्षणे, आकडे, विवरातून काढलेले नमुने हे कर्ते असतात. पुरावाच बोलतो आणि लेखक केवळ ऐकतो, असा आभास त्यातून निर्माण होतो. रॉबर्ट बॉइल याने सतराव्या शतकात प्रयोगांचे वृत्त लिहिताना 'कदाचित', 'असे दिसते' यांसारखे शब्द जाणीवपूर्वक वापरण्याची सवय लावून घेतली आणि तिचे समर्थनही केले. त्याच्या संयमाचे मूळ आपल्या मताविषयीच्या प्रामाणिक अविश्वासात होते. आजच्या निबंधांत मात्र तोच संयम कित्येकदा जबाबदारी टाळण्याचे साधन होतो. 'असे सूचित केले गेले आहे' या कर्मणी रचनेत कोणी सूचित केले हा प्रश्नच बुडतो. ब्रुनो लाटूर व स्टीव्ह वूलगार यांनी १९७९ साली दाखविल्याप्रमाणे, विधान एका निबंधातून दुसऱ्यात जाता जाता त्याच्या भोवतीचे सावध शब्द गळत जातात आणि शेवटी नुसते तथ्य उरते. (लाटूर या आडनावाचा आपल्या लातूरशी काही संबंध नाही, हे सांगावयास नकोच.)

किल्लारीच्या संदर्भात याची कसोटी निम्न तेरणा जलाशयाच्या प्रश्नावर लागते. माकणीजवळच्या या जलाशयाचा भूकंपाशी संबंध असण्याची शक्यता काहींनी मांडली, इतरांनी ती मानली नाही. कोयनेच्या ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाबाबत जलाशयाचा संबंध भूकंपशास्त्रात इतका सर्वमान्य झाला आहे, की तेथे 'शो' लिहिले तरी कोणी हरकत घेणार नाही. किल्लारीला तेच क्रियापद लावणे म्हणजे एका प्रदेशाचा पुरावा दुसऱ्या प्रदेशाच्या खात्यावर जमा करणे होय. इंग्रजी लेखक हा फरक 'शो' व 'मे हॅव' यांच्या निवडीने राखू शकतो. मराठीत उतरताना दोन्हींचे 'शास्त्रज्ञांनी सांगितले' होते, आणि धरणामुळेच भूकंप झाला किंवा धरणाचा काडीचाही संबंध नाही, यांपैकी जे विधान वाचकाला आधीपासून हवे असते ते त्याच्या पदरात पडते.

यावरून मराठी दरिद्री आहे असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. इंग्रजी जो संयम निवेदक क्रियापदात ठेवते, तो मराठी मुख्यतः आतल्या वाक्याच्या क्रियापदात ठेवते. 'भ्रंश जुना आहे', 'भ्रंश जुना असावा', 'भ्रंश जुना असेल', 'भ्रंश जुना दिसतो' यांतील पायऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला शिकवाव्या लागत नाहीत. ऐकीव माहितीसाठी 'म्हणे' हे स्वतंत्र अव्यय तर आहेच. नांदेडच्या देगलूर-बिलोली भागात आणि लातूरच्या उदगीर-निलंगा भागात हे 'म्हणे' एकटे नाही. शेजारच्या तेलुगूत 'अट', कन्नडात 'अंते' आणि दख्खनीत 'कते' हेच काम करतात. सीमेवरचा बोलणारा कोणत्याही भाषेत गेला तरी ऐकलेले आणि पाहिलेले वेगळे ठेवण्याची सोय बरोबर नेतो. जुन्या मराठी गद्यातही ही दक्षता आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी जमविल्या, तेव्हा त्या सांगणाऱ्यांना गाठून जमविल्या. आणि महानुभाव परंपरेने एकाच लीळेचे भिन्न पाठ ते सांगणाऱ्यांच्या नावांसह जपले.

असे असता आजचे विद्यापीठीय मराठी गद्य 'सजेस्ट'साठी 'सुचविणे' आणि 'क्लेम'साठी 'दावा करणे' हे ठरीव प्रतिशब्द का स्वीकारते, हे कळणे कठीण आहे. मराठीत सुचविणारा माणूस सल्ला देतो. निरीक्षणे सल्ला देत नाहीत. 'दावा' तर कचेरीतला शब्द. निजामी अमलात मुलकी व न्यायालयीन व्यवहार उर्दूतून पाहिलेल्या या प्रदेशात त्याला वादी-प्रतिवादीचा वास अधिकच आहे. संशोधकाने दावा केला म्हटल्यावर तो शेजाऱ्याच्या बांधावर हक्क सांगतो आहे असे वाटावे! याच्या उलट टोकाला 'सिद्ध केले' हे प्रबंधांचे लाडके क्रियापद आहे. दहा ठिकाणच्या नमुन्यांवरून काढलेला अंदाजही तेथे सिद्ध होऊन बसतो. 'या निरीक्षणांवरून भ्रंश जुना असावा असे दिसते' हे वाक्य 'ही निरीक्षणे सुचवितात की भ्रंश जुना आहे' यापेक्षा मराठी तर आहेच, शिवाय अर्थालाही अधिक प्रामाणिक आहे. कारण दुसऱ्या वाक्यात 'की'नंतर येणारे 'आहे' पूर्ण खात्रीने उच्चारले जाते.

या देशी साधनाची एक मर्यादा मात्र मान्य केली पाहिजे. इंग्रजी वाचकाला 'सजेस्ट' वाक्याच्या तोंडाशीच भेटते आणि पुढे जे येईल ते सावधपणे घ्यावयाचे आहे, हे त्याला आधीच कळते. मराठीत 'असावा' शेवटी येतो. वाक्य लांबले तर वाचक तोवर निष्कर्ष घेऊन पुढे गेलेला असतो, आणि वृत्तपत्राच्या मथळ्यात जागा अपुरी पडली की नेमका हाच शेवटचा शब्द कापला जातो. त्यावर उपाय म्हणून 'बहुधा', 'कदाचित' वाक्यारंभी ठेवता येतात. परंतु त्यांत पुराव्याचा निर्देश नसतो, केवळ शंका असते. २१ मार्च २०२४ रोजी हिंगोली, नांदेड व परभणी या जिल्ह्यांत जाणवलेल्या धक्क्यांसारख्या प्रसंगी कोणी काय मोजले, त्यावरून काय अनुमान केले आणि कोणी नुसते काय ऐकले, हे तिन्ही वेगळे सांगणारे मराठी वृत्त लिहावयाचे झाल्यास 'मोजमापांवरून' किंवा 'निरीक्षणांवरून' हा पद आरंभी आणि 'असावा' शेवटी, अशी दुहेरी रचना पत्करावी लागेल. तिने वाक्य थोडे जड होते, आणि मथळ्यात तर ती मावणारच नाही.