‘मूसों’, ‘मोसम’ आणि ‘मान्सून’ : एका व्युत्पत्तीची चिकित्सा

फ्रेंच भाषेतील ‘मूसों’ हा शब्द मूळचा पावसाचा नव्हे. तो गलबतांचा आहे. अरबीतील ‘व-स-म’ या धातूचा अर्थ खूण करणे असा असून त्यापासून सिद्ध झालेला ‘मौसिम’ म्हणजे नेमलेला काळ : यात्रेचा, जत्रेचा आणि खलाशांच्या लेखी शिडे उभारण्याचा. पोर्तुगीजांनी तो ‘मोंसांव’ या रूपात उचलला आणि डचांच्या तोंडून तो फ्रेंचांकडे गेला, असे सामान्यतः मानले जाते. यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या कोशानेही इंग्रजी रूपाचे मूळ अरबीतच दाखविले आहे.

मराठीत या एकाच मुळाची दोन रूपे नांदतात. ‘मोसमी’ हा ‘मान्सून’चा अपभ्रंश होय, अशी समजूत आढळते, परंतु ती टिकत नाही. अरबीतील अंत्य ‘म’ पोर्तुगीजांच्या उच्चारात लोपून तेथे अनुनासिक स्वर आला, तर इंग्रजीत ‘न’ स्थिरावला. ‘मोसम’मध्ये मात्र तो ‘म’ शाबूत आहे. अर्थात ‘मोसम’ फारसीच्या द्वारे खुष्कीने आला, तर ‘मान्सून’ इंग्रजीच्या द्वारे समुद्रमार्गे. ‘मोसमी वारे’ ही भूगोलातील संज्ञा तेवढी अर्वाचीन आहे. शब्द जुना, योजना नवी.

तथापि ध्वनींचा हिशेब जुळला म्हणजे व्युत्पत्ती पुरी झाली, असे नव्हे. अर्थाचाही माग काढावा लागतो. सोलापूर जिल्हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहे. नैर्ऋत्येकडील वाऱ्यांचे पाणी बरेचसे घाटमाथ्यावरच रिते होते. येथे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात पडतो आणि मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी त्याच पावसाच्या मुरलेल्या ओलीवर पिकते. म्हणून ‘मान्सून दाखल झाला’ या जूनमधील वार्तेचा अर्थ कोकणात एक आणि मंगळवेढ्यात दुसरा होतो. येथील शेतकरी पावसाला वाऱ्याचे नव्हे, तर नक्षत्राचे नाव देतो : मृग, उत्तरा, हस्त. नक्षत्र म्हणजे तरी काय? खुणेने ठरविलेला काळच. अरबी खलाशाच्या मनातील ‘मौसिम’ची कल्पना, तो शब्द न वापरताही, या कोरडवाहू रानात जिवंत आहे, उलट ‘मान्सून’ या शब्दात ती काळाकडून वाऱ्याकडे आणि वाऱ्याकडून पावसाकडे सरकली आहे.

यास्तव ‘मोसम’ आणि ‘मान्सून’ यांच्या नोंदी कोशात स्वतंत्र असाव्यात. मूळ एकच दाखवावे, परंतु मार्ग व अर्थ वेगळे नोंदवावेत. मुळाशी थांबणारा अभ्यासक शब्दाचे कुळ सांगतो. त्याचे चरित्र सांगावयाचे तर त्याच्याबरोबर वाट चालावी लागते.