एका देखण्या चित्राची चिकित्सा

जिवाणूच्या विभाजनाचे एक चित्र पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षे टिकून आहे. लांबट पेशी, आत गुणसूत्राची दोन कडी, दोन्ही पेशीपटलाला चिकटलेली. मधले पटल वाढते, कडी लांब जातात, मध्ये भिंत पडते आणि एकाचे दोन होतात. मीही अनेक वर्षे हे निरीक्षणच समजत होतो. मुळात ते अनुमान होते. फ्रान्स्वा जाकोब, सिडनी ब्रेनर आणि फ्रान्स्वा क्यूझँ यांनी ते १९६३ मध्ये मांडले.

त्या अनुमानाचे मोठेपण मला नाकारायचे नाही. ई. कोलाय या जिवाणूचे गुणसूत्र सुमारे ४६ लाख बेसजोड्यांचे. सरळ केले तर दीड मिलिमीटर. पेशी मात्र जेमतेम दोन मायक्रॉन लांब. इतक्या जागेत धाग्याची प्रत काढून दोन्ही प्रती न गुंतता वेगळ्या होतात कशा, हा प्रश्न या मांडणीने नेमका पकडला.

उत्तर मात्र टिकले नाही. १९९० च्या दशकात चकाकणाऱ्या प्रथिनांच्या साहाय्याने जिवंत पेशीतले गुणसूत्राचे आरंभबिंदू पाहता आले. पेशी ज्या वेगाने लांबते, त्याहून कितीतरी जलद ते एकमेकांपासून दूर जात होते. पटलाच्या संथ वाढीने हे साधणे शक्य नव्हते.

'एकाचे दोन' हेही तितके सरळ नाही. ई. कोलायला गुणसूत्राची प्रत काढायला सुमारे ४० मिनिटे लागतात, पण पोषक माध्यमात तो २० मिनिटांत दुभंगतो. हा हिशेब १९६८ मध्ये स्टीफन कूपर आणि चार्ल्स हेल्मस्टेटर यांनी उलगडला: पहिली फेरी संपण्याआधीच पुढची सुरू झालेली असते. लेकीचा जन्म होण्याआधीच नातीची तयारी चालू असते म्हणा ना.

भिंतीची जागाही आपोआप ठरत नाही. एफटीएसझेड प्रथिनाचे कडे पेशीच्या मध्यावर बसते. मिन प्रथिने या टोकाकडून त्या टोकाकडे झोके घेत राहतात. त्यामुळे टोकांशी कडे जमत नाही. गुणसूत्रावर बसलेले एसएलएमए प्रथिन धाग्यावरच भिंत पडू देत नाही.

माझा आक्षेप १९६३ च्या मांडणीवर नाही. चित्र छापताना त्यातला 'कदाचित' गळाला, यावर आहे. त्यात 'आदिकेंद्रकी' या नावाची भर पडते. केंद्रक नाही म्हणजे आत व्यवस्थाही नाही, असे वाचणारा सहज धरून चालतो आणि मग प्रश्नच विचारत नाही.

प्रती नेमक्या कोणत्या बळाने दूर जातात, यावर ई. कोलायच्या बाबतीत आजही वाद आहे. अरुंद जागेत कोंडलेले लांब धागे स्वतःहूनच वेगळे होऊ पाहतात, असे सुकजून जुन आणि बेला मुल्डर यांनी २००६ मध्ये सुचवले. हेही अनुमान देखणे आहे. उद्या कोणी त्याचे चित्र पाठ्यपुस्तकात घेतले, तर खाली 'अनुमान' हा शब्द छापावा, एवढीच माझी मागणी आहे.