शिक्षा की तालीम? मराठी ख्रिस्ती लेखनातील ईश्वरी शासनाचा विचार

मराठी ख्रिस्ती साहित्याचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दोन प्रश्नांभोवती फिरला. लेखकाने धर्मांतर का केले, हा पहिला. आणि त्याच्या लेखनाने मराठीत कोणती भर घातली, हा दुसरा. बाप्तिस्म्यानंतर त्या माणसाच्या आत काय घडत गेले, हा तिसरा प्रश्न मात्र मागे राहिला. भक्ताची वाढ कशी होते, दुःख वाट्याला आले तर त्याचा अर्थ तो कसा लावतो, हे प्रश्न चर्चच्या आतले म्हणून समीक्षेने बाजूला ठेवले. ते तसे नाहीत. मराठीतील दोन मोठी स्त्रीचरित्रे, पंडिता रमाबाईंचे आणि लक्ष्मीबाई टिळकांचे, या प्रश्नांवाचून पुरती वाचताच येत नाहीत.

ख्रिस्ती परंपरेचे या बाबतीतले उत्तर नव्या करारातील इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात आहे. देव ज्याच्यावर प्रेम करतो त्याला शासन करतो. ते त्या वेळी दुःखाचे वाटते, पण जो त्यातून तयार होतो त्याला पुढे शांतीचे फळ मिळते, असा त्याचा आशय. हे वचन शोकसभेत, आजाऱ्याच्या उशाशी, पीक बुडालेल्या घरात आजही सांगितले जाते. त्याने कित्येकांना धीर दिला आहे आणि कित्येकांची तोंडेही बंद केली आहेत. एकाच वचनाची ही दोन कामे कशी होतात, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे.

एका शब्दाचा प्रवास

मूळ ग्रीक पत्रात शब्द आहे 'पैदेइया'. 'पैस' म्हणजे मूल. त्यावरून पैदेइया म्हणजे मुलाला वाढवणे, शिकवणे, वळण लावणे. पत्रलेखक येथे जुन्या करारातील नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेतो. तिथला हिब्रू शब्द 'मूसार'. त्यातही शिकवण आणि ताडन दोन्ही येतात. मराठी बायबलांनी यासाठी कुठे शिक्षा, कुठे शिक्षण, कुठे शासन, कुठे शिस्त असे शब्द योजले. भाषांतरकारांची ही ओढाताण समजण्यासारखी आहे, कारण आपल्या 'शिक्षा' या शब्दाचाच इतिहास विलक्षण आहे. संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणे. वेदांगांपैकी एकाचे नावच शिक्षा आहे. हिंदीत ती विद्याच राहिली. मराठीत मात्र शिकण्याचा अर्थ 'शिक्षण' या शब्दाकडे गेला आणि 'शिक्षा' दंडापुरती उरली. राजूरसारख्या कोळशाच्या वस्तीत, जिथे हिंदी आणि मराठी एकाच गल्लीत बोलल्या जातात, तिथे हिंदी भाषक बाप मुलाच्या 'शिक्षे'ची काळजी करतो तेव्हा मराठी शेजाऱ्याला क्षणभर छडी आठवते. परमेश्वराची शिक्षा असे शब्द कानी पडले की मराठी भाविकाच्या मनात पहिल्याने न्यायाधीश उभा राहतो, बाप मागाहून येतो.

दुसरी एक गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नीतिसूत्रांच्या हिब्रू पाठात फटक्यांचा उल्लेख नाही. बाप जसा आवडत्या मुलाला, तसा परमेश्वर आपल्या प्रिय माणसाला वळण लावतो, एवढेच तिथे आहे. 'बापासारखा' यासाठी जी तीन हिब्रू व्यंजने आहेत, तीच स्वर बदलून वाचली तर 'दुखवणे' असा अर्थ निघतो. प्राचीन ग्रीक भाषांतरकारांनी दुसरे वाचन स्वीकारले आणि त्या ओळीत चाबूक आला. इब्री पत्राने तो ग्रीक पाठ घेतला आणि तिथून तो जगभरच्या भाषांत गेला. चाबूक दूर सारून वाचावे असा माझा आग्रह नाही. पत्रलेखकाला तो चालला आहे. परंतु 'बाप' आणि 'वेदना' यांच्यात इथे केवळ स्वरांचे अंतर आहे, हे त्या वचनावर प्रवचन करणाऱ्याने विसरू नये.

पत्राचे मूळ वाचकही ध्यानात घ्यावेत. ते छळ सोसणारे लोक होते. त्यांची मालमत्ता लुटली गेल्याचा उल्लेख दहाव्या अध्यायात आहे. म्हणजे त्यांचे दुःख माणसांच्या वैरातून आलेले होते. ते वैर न्याय्य होते असे लेखक कुठेही म्हणत नाही. आरंभी तो 'तुम्ही विसरलात' असे म्हणतो खरा, पण थोड्याच ओळींत 'आपण'वर येतो: आपल्यालाही बाप होते, त्यांनीही आपल्याला वळण लावले. सांगणारा स्वतः त्याच रांगेत उभा आहे.

रमाबाई : शासन कोणाचे?

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा इंग्लंडमध्ये वाँटेज येथे २९ सप्टेंबर १८८३ रोजी झाला. त्याआधीच्या पंचवीस वर्षांत त्यांनी दक्षिणेतील दुष्काळात आईवडील आणि बहीण, पुढे भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांना गमावले होते. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन आणि चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ग्रंथरूपाने आणला. शासनाच्या प्रश्नावर आपल्याकडे यापेक्षा मोलाचा दस्तऐवज मी वाचलेला नाही.

वरवर पाहता वाद किरकोळ आहेत. तरुण पुरुषांना रमाबाईंनी शिकवावे की नाही, गळ्यातल्या क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का असावीत, त्रैक्याचा सिद्धांत जसाच्या तसा मान्य केलाच पाहिजे का. तळाशी मात्र एकच मुद्दा आहे. सिस्टर जेराल्डीन यांच्या दृष्टीने चर्चच्या अधिकारापुढे मान तुकवणे हीच देवाच्या शिस्तीची पहिली पायरी. रमाबाईंचा नकार म्हणजे अहंकार. पुरोहितवर्गाचे एक जू नुकतेच उतरवले असताना दुसरे मानेवर घेणार नाही, असे रमाबाईंचे उत्तर होते. आपल्या विवेकाला देवाने स्वातंत्र्य दिले आहे आणि त्याच्याच आज्ञेला आपण बांधील आहोत, ही त्यांची भूमिका.

ही बंडखोरी म्हणून वाखाणून आपण सहसा थांबतो. ज्या बाईने माणसांचे शासन नाकारले, तिनेच देवाचे शासन आयुष्यभर स्वीकारले, हे त्यापुढचे वाचन आहे. १९०७ च्या साक्षीत त्या सांगतात की बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. म्हणजे स्वतःची वाढ अपुरी होती हे त्यांनी स्वतःच ठरवले. कोणी त्यांच्यावर लादले नाही. १८९३ मध्ये शारदा सदनावर धर्मांतराचा आरोप झाला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकरांसारख्या सल्लागारांनी हात काढून घेतला, पालकांनी मुली नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या; केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. स्वतःच्या कोवळ्या वयातली उपासमार त्यांना त्या मुलींच्या चेहऱ्यांत दिसत होती. देवाने मला हे शिकवण्यासाठी माझ्या आईला उपाशी मारले, असा हिशेब त्यांनी मांडला नाही. भुकेने जे शिकवले ते घेऊन त्या भुकेल्यांकडे गेल्या.

येथे यवतमाळचा एक धागा जुळतो. कन्या मनोरमाबाईंचे शिक्षण न्यूयॉर्क राज्यातील ज्या फ्री मेथडिस्ट शाळेत झाले, त्याच पंथाच्या मिशनने आपल्या जिल्ह्यात काम केले. मुक्तीची पुढची धुरा मनोरमाबाईंनी वाहायची, अशी योजना होती. २४ जुलै १९२१ रोजी त्या गेल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ पर्यंत जगल्या. मधले महिने मूळ भाषांवरून केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे काम चालू होते. या काळाचे वर्णन करताना चरित्रकार 'देवाची इच्छा' म्हणून पुढे जातात. मला ते काम दिसते: मुलगी गेल्यावरही साध्या बायकांना कळेल अशा मराठीत शब्द बसवत राहणे. स्वीकार या शब्दाचा याहून स्पष्ट अर्थ मला माहीत नाही.

एकाचे आज्ञापालन, दुसऱ्याचे दुःख

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो विदर्भातून राजनांदगावकडे जाणाऱ्या आगगाडीत, १८९३ साली. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. तुकोबांनीही दुष्काळ, दिवाळे आणि घरातली माणसे गेल्याचे दुःख देवाच्या उपकाराच्या खात्यावर मांडले आहे. पण ते स्वतःपुरते, आणि देवाशी कडकडून भांडण्याचा हक्क राखून. टिळकांनी हा सूर मराठी ख्रिस्ती भजनात आणला. ख्रिस्ताला माउली म्हटल्याबरोबर शासनाचे रूप पालटते. आईचा धपाटा आणि कोर्टाची शिक्षा मराठी माणूस एक समजत नाही. पुढे १९१७ मध्ये टिळकांनीही मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. संस्थेचे शासन आणि देवाचे शासन यांतला फरक त्यांनीही असा कृतीने दाखवला.

परंतु टिळकांच्या आज्ञापालनाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. नवऱ्याने धर्म बदलला आणि त्या सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. हे दुःख कोणाच्या शासनाचे? देव आणि जीव या दोघांतच दुःखाचा हिशेब मांडणारी शिकवण येथे अडखळते, कारण मध्ये तिसरा माणूस आहे आणि त्याच्या निर्णयाचा भार दुसऱ्यावर पडला आहे. 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६) या पेचाला ज्या प्रामाणिकपणे सामोरी जातात त्याला तोड नाही. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, तिलाही तीस-पस्तीस वर्षे उलटून गेल्यावर हे लिहिले गेले. सगळे देवाच्या योजनेत होते असे म्हणून जुने अश्रू पुसून टाकणे त्यांना सोपे होते. त्यांनी अश्रू ठेवले, नवऱ्याचा तऱ्हेवाईकपणा ठेवला आणि हसूही ठेवले. त्यांच्यातला बदल आधी जातिभेदाच्या विचारात झाला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या पावलांनी झाला. पुढे प्लेगच्या दिवसांत रुग्णांची सेवा आणि टिळकांच्या पश्चात 'ख्रिस्तायना'चे अपुरे काम नेटाने पुढे नेणे, ही त्या वाढीची फळे.

भोग, भट्टी आणि तालीम

मराठी मनात दुःखासाठी आणखी एक जुना शब्द तयार असतो, तो म्हणजे भोग. भोग मागे पाहतो. काही केले होते, ते फेडायचे आहे. पैदेइया पुढे पाहते; काही व्हायचे आहे. आपल्याकडची पुष्कळ ख्रिस्ती प्रवचने नाव शिस्तीचे घेतात आणि हिशेब भोगाचा मांडतात. शुभवर्तमानांनी तो हिशेब स्पष्ट नाकारला आहे. जन्मांधाविषयी पाप कोणाचे असे शिष्यांनी विचारले तेव्हा येशूने प्रश्नच मोडीत काढला; शिलोहाचा बुरूज पडून मेलेले लोक इतरांपेक्षा जास्त पापी नव्हते, असेही त्याने सांगितले. ईयोबाच्या मित्रांनी देवाची बाजू घेऊन व्याख्याने दिली आणि शेवटी देव त्यांच्यावरच रागावला.

दुसरी आवडती प्रतिमा भट्टीची. सोने अग्नीत शुद्ध होते, तसा भक्त. राजूरला चुनाभट्ट्या आहेत आणि कोळशाची खाणही. भट्टीत चुनखडी आणि कोळसा एकत्र जळतात. सुमारे ९०० अंशांच्या आचेत चुनखडीचा चुना होतो; त्याच आचेत कोळशाची राख होते. आग एकच. म्हणून आगीत टाकल्याने माणूस शुद्ध होतोच असे भट्टीजवळ राहणाऱ्याने तरी म्हणू नये. दुःखाने माणसे मोडतातही. शेतकरी आत्महत्यांनी ज्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले, तिथे मागे राहिलेल्या बाईला 'ही देवाची शिस्त' असे सांगणारा ईयोबाच्या मित्रांत जाऊन बसतो.

इब्री पत्रात शासनासंबंधी भट्टी नाहीच. तिथे धावण्याची शर्यत आहे, आणि फळ कोणाला मिळते हे सांगताना लेखकाने जे क्रियापद वापरले त्यातूनच 'जिम्नॅशियम' हा शब्द आला आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे, तालीम. मूळ अरबीत शिकवण, आपल्याकडे कुस्तीचा आखाडा. शेजारच्या वर्ध्यात १९३७ मध्ये ज्या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली तिलाही 'नई तालीम'च म्हणतात. शिकणे आणि अंग दुखणे दोन्ही या एका शब्दात नांदतात. तालमीत पोरगा आपल्या पायांनी जातो, वस्ताद त्याच मातीत उतरलेला असतो, आणि मोडलेल्या हाताला कोणी व्यायाम म्हणत नाही.

यावरून या प्रकारच्या लेखनासाठी एक साधा निकष हाती येतो. 'यातून मला देवाने घडवले' हे वाक्य प्रथमपुरुषी आणि मागे वळून पाहताना लिहिलेले असेल, तर ते साक्ष असते. रमाबाई आणि लक्ष्मीबाई यांचे लेखन त्या जातीचे आहे. तेच वाक्य द्वितीयपुरुषी झाले, 'तुला देव घडवतो आहे', की सांगणाऱ्याने देवाची जागा घेतलेली असते, आणि बहुतेक वेळा ऐकणाऱ्याला उत्तर देण्याची सोय उरलेली नसते. 'ज्ञानोदया'च्या जुन्या अंकांतील मृत्युलेख, मंडळ्यांच्या वार्षिकांतील साक्षी, घराघरांतल्या वह्या या निकषावर वाचल्या जायला हव्यात. त्या बहुतांश अजून कोणी वाचलेल्या नाहीत.

इब्री पत्राचा तो अध्याय शासनाच्या वचनाशी संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. लगेच पुढे लेखक म्हणतो की गळालेले हात आणि लटपटते गुडघे सावरा, वाटा सरळ करा, म्हणजे लंगड्याचा पाय आणखी उखळणार नाही, बरा होईल. आपल्याकडच्या प्रवचनांत अकरावे वचन ऐकू येते. बारावे आणि तेरावेही त्याच दमात वाचले पाहिजे.