संकल्पन संस्थांमधील गुणवत्ता व्यवस्थापन : नोंद आणि तपासणी

बांधकामाच्या गुणवत्तेची चर्चा सहसा सिमेंट, पोलाद आणि कारागिरी यांभोवती फिरते. संकल्पन करणारी संस्था त्या मानाने दुर्लक्षित राहते. कारण तिचे उत्पादन कागदावर असते आणि त्यातील दोष बहुधा वास्तू उभी राहिल्यावरच दिसतो.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील हयात रीजन्सी हॉटेलची दुर्घटना या दृष्टीने पुन्हा अभ्यासण्याजोगी आहे. १७ जुलै १९८१ रोजी तेथील दोन टांगते पादचारी पूल कोसळून ११४ जण मृत्युमुखी पडले. मूळ आराखड्यानुसार छतापासून निघालेल्या अखंड दांड्यांवर चौथ्या व दुसऱ्या मजल्यांचे पूल स्वतंत्रपणे पेलले जाणार होते. जोडणीच्या सोयीसाठी एका दांड्याचे दोन करण्यात आले आणि खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळयांना टांगला गेला. वरच्या जोडावरील भार त्यामुळे दुप्पट झाला. या बदलास दूरध्वनीवरून संमती मिळाली होती की नाही, यावर पुढे वाद झाला. तथापि बदल दर्शविणाऱ्या शॉप ड्रॉइंगवर संकल्पन संस्थेचा शिक्का होता. त्याहून गंभीर बाब म्हणजे, मूळ जोडही शहराच्या बांधकाम नियमांत अपेक्षित भाराच्या सुमारे ६० टक्केच भार पेलू शकला असता, असे शासकीय चौकशीत आढळले.

आयएसओ ९००१ हे मानक १९८७ मध्ये आले. त्याच्या १९९४ च्या आवृत्तीत संकल्पनाचा आढावा, पडताळणी व प्रमाणीकरण यांची स्वतंत्र कलमे होती. बदल अमलात आणण्यापूर्वी तो नोंदवून मान्य करून घ्यावा, असेही बंधन होते. दूरध्वनीचा वाद अशा लेखी शिस्तीने टळला असता, एवढे श्रेय मानकाला द्यावे लागते. परंतु शिक्का हीसुद्धा नोंदच होती! तपासणी झाल्याची खूण होती, गणित मात्र कोणी पुन्हा मांडले नव्हते. प्रमाणपत्रासाठी होणारे लेखापरीक्षण मुख्यतः खुणाच पाहते. जोडाचे गणित करणे हे लेखापरीक्षकाचे काम नव्हे, आणि बहुधा त्याचा तो विषयही नसतो.

जर्मनीत शासनमान्य तपासणी अभियंता संरचनेचे गणित स्वतंत्रपणे तपासतो. ब्रिटनमध्ये गुंतागुंतीच्या पुलांची तपासणी वेगळ्या संस्थेकडे सोपविली जाते. हे काम खर्चिक आहे. जेथे संकल्पनाचे काम सर्वांत कमी शुल्काच्या निविदेला दिले जाते, तेथे दुसऱ्या अभियंत्याच्या वेळेचे पैसे त्या शुल्कात बसत नाहीत. प्रमाणपत्राचे मात्र बसतात.