टाळ्या कुणाला?

आमच्या सांगलीत कंडक्टर म्हणजे एसटीतला. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीसाठी मैफली होतात, तिथं तबलजी गायकाकडे बघतो आणि सम सापडते. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये झुबिन मेहता मुंबईत सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासमोर उभे राहिले, तेव्हा प्रश्न पडला: छडीतून सूर निघत नाही, मग टाळ्या कुणाला?

कोण दबेल, कोण उठेल हे पाहुणा ठरवतो, ते मान्य. पण तो येतो थोड्या तालमींपुरता. एकमेकांना ऐकायची सवय वादकांची स्वतःची. हा वाद्यवृंद २००६ पासूनचा, तरी चर्चा पाहुण्याचीच. सांगली-साताऱ्यात असं काही उभारायचं तर आधी दर रविवारी न चुकता जमणारी वीस माणसं शोधू. छडी नंतर.